न विरणारा फेस

ब्रशच्या टोकावरचा फेस अजून उभाच होता — वाटीच्या कडेला टेकवलेला ब्रश, त्याच्या ओल्या केसांवर पांढरा, शेंड्याशी किंचित कललेला फेस — आणि अर्धी हनुवटी खरवडून झालेली असताना तो आरशात न पाहता त्या फेसाकडेच पाहत राहिला. साबणाचा फेस, साधा, हलका. थोड्या वेळात त्याच्या बुडातून पाणी सुटेल, आधी मोठे बुडबुडे फुटतील, मग लहान, आणि वाटीच्या तळाशी राखाडी पाणी तेवढे उरेल. कुचकामी फेस. विमानतळाच्या अग्निशमन केंद्रात भरती झालेल्या प्रत्येक नव्या तुकडीला त्याने हेच शिकवले होते: फेस किती उसळतो ते पाहू नका, किती टिकतो ते पाहा. चांगला फेस पेटलेल्या तेलावर रजईसारखा पसरतो आणि तिथून हलत नाही... हलत नाही, विरत नाही, जिरत नाही — हे शब्द त्याने केवढ्या अभिमानाने उच्चारले होते, फळ्यावर छडी टेकवून, डिझेलचा वास मुरलेल्या त्या लांबट वर्गखोलीत!

‘‘पाणी गार होईल,’’ बायको दाराबाहेरून म्हणाली. मग जरा थांबून, ‘‘भाऊजी येणार आहेत ना दुपारी? का आज नको म्हणून कळवू त्यांना? तुम्ही दवाखान्यातून दमून याल.’’

‘‘येऊ दे,’’ तो म्हणाला, आणि उरलेल्या हनुवटीवर पाते टेकवले.

आज धाकट्याचा, त्याच्या पाठच्या भावाचा, दिवस होता. मागच्या वर्षी धाकट्याला रुग्णालयातून घरी सोडले — डोळे हळदीसारखे, पाय घागरीसारखे, आणि पोटातून काढलेले पाणी बादलीने मोजावे इतके — तेव्हा थोरल्याने त्याला एकच अट घातली होती. आठवड्यातून एकदा माझ्या घरी यायचे, तासभर बसायचे, चहा प्यायचा आणि जायचे. अटीचा हेतू दोघांनाही ठाऊक होता आणि दोघांपैकी कोणीही तो कधी बोलून दाखवला नव्हता. धाकटा दारात आला की थोरला पिशवी घेण्याच्या निमित्ताने पुढे व्हायचा, अगदी जवळ जायचा आणि श्वास हुंगायचा. सुरुवातीला चोरून. मग एके दिवशी धाकट्याने पिशवी पुढे करण्याऐवजी तोंडच पुढे केले, मोठा श्वास सोडला आणि म्हणाला, ‘‘घे, तपास. आज नुसता कांदा आहे.’’ बायको स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसली होती. थोरला हसला नव्हता. तपासणी हा काही हसण्याचा विषय नव्हे; आणि कांदा आहे म्हणजे कांद्याखाली दुसरे काही नाही असेही नव्हे, असा विचार त्याच्या मनात आला होता, तो विचार आपला आपल्यालाच कोता वाटला होता, आणि तरीही त्याने दुसऱ्यांदा हुंगून खात्री करून घेतली होती.

धाकट्याने दारू सोडली होती. एवढे खरे. पण सोडणारा माणूस रोज नव्याने सोडत असतो, आणि ते ‘रोज’ कशावर उभे असते हे बाहेरच्याला दिसत नाही... धाकट्याचे कशावर उभे होते हे मात्र थोरल्याला पक्के माहीत होते. ते एका वाक्यावर उभे होते. रुग्णालयातल्या खाटेवर, नळ्या लावलेल्या हाताने चादरीची कड चुरगाळत तो म्हणाला होता, ‘‘हे माझं मीच केलंय, दादा.’’ त्या वाक्याला धरूनच तो उठला होता, चालू लागला होता, कोपऱ्यावरच्या दुकानापुढून मान खाली घालून जाऊ लागला होता. ते वाक्य त्याची काठी होते. आणि खरे सांगायचे तर... ते माझ्याही उपयोगाचे होते.

दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात भिंतीला टेकवून ठेवलेल्या खुर्च्यांच्या रांगेत तो बसला, फाईल मांडीवर, हात फाईलवर. समोरच्या भिंतीवर यकृताचे चित्र होते. निरोगी यकृत तांबूस आणि गुळगुळीत, शेजारी बिघडलेले, पिवळट, गाठाळ. यंत्राच्या चिरलेल्या भागाचे चित्र वाचावे तसे त्याने ते वाचून काढले. वाहिनी कुठून शिरते, कुठून निघते, गाळणी कुठे. गाळणीच. जे जे आत येते ते इथून गाळून पुढे जाते, आणि गाळणी तुंबली की यंत्राचे जे होते ते होते. हे इतके सोपे असताना त्याला त्या चित्राकडे पाहवत का नव्हते?

कारण पहिल्या वेळी, सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत, पोटावर गार चिकट मलम लावून यंत्राचा दांडा फिरवता फिरवता तो तपासणारा तरुण पडद्यावरची नजर न काढता सहज म्हणाला होता, ‘‘किती घेता, काका?’’

किती घेता! घेता का, असेसुद्धा नव्हे. त्याला वाटले होते उठावे, पोट पुसावे, आणि त्या पोराला उभ्या आयुष्याचा हिशेब द्यावा: लग्नांत, निरोपसमारंभांत, मोठ्या आगीनंतरच्या बैठकींत, जिथे साहेबलोक स्वतः पेला हातात देत तिथेही, मी पाण्याचा पेला वर करून दाखवत आलो. आम्हा दोघा भावांत पिणारा तो आणि न पिणारा मी, ही नातेवाइकांच्या तोंडी बसलेली ओळख होती. दोन भिंतींनी एक छप्पर पेलावे तशी ती दोन वाक्ये एकमेकांना टेकून उभी होती. त्याने फक्त ‘‘मी पीत नाही’’ एवढेच म्हटले. पोराने ‘‘बरं बरं’’ म्हटले, समजूत काढल्यासारखे. धाकट्याला आपण किती वेळा हाच प्रश्न विचारला असेल, आणि त्याने ‘‘नाही रे’’ म्हटल्यावर किती वेळा आपण अगदी याच सुरात ‘‘बरं बरं’’ म्हटले असेल, हे त्याला तेव्हा नाही, घरी परतताना बसमध्ये जाणवले होते. आणि अहवाल हातात आला, त्यात धाकट्याच्या पहिल्या अहवालातलाच ‘फॅटी लिव्हर’ हा शब्द दिसला, तेव्हा त्याला आधी भीती वाटली नाही. आधी अपमान वाटला.

आत बोलावणे आले. यकृताच्या डॉक्टरीणबाई त्याच्या मुलीच्या वयाच्या, बारीक आवाजाच्या, समोरच्याचे बोलणे संपल्यावर क्षणभर थांबून मग बोलणाऱ्या. मागच्या खेपेला त्यांनी सगळी विचारपूस करून झाल्यावर, जणू उगाच, नोकरी कसली होती असे विचारले होते. त्याने सांगितले तेव्हा त्यांचे पेन थांबले होते. आग विझवायचा फोम वापरत होता का? त्याने जवळजवळ छाती फुगवूनच सांगितले होते — वापरत? मी शिकवत होतो. तेव्हा त्यांनी वेगळ्या रक्ततपासणीला रक्त पाठवले होते, इथे न होणाऱ्या, दूरच्या प्रयोगशाळेत. आज ते उत्तर आले होते.

त्यांनी कागद त्याच्याकडे वळवून सावकाश समजावून सांगितले, आणि तो समजण्यासारखाच माणूस असल्याने सगळे समजले, हीच अडचण होती. फोम टिकावा म्हणून त्यात जी रसायने घालत ती माणसाच्या अंगातही टिकतात. उष्णतेने तुटत नाहीत, पाण्याने धुपत नाहीत, पोटातल्या रसांनी पचत नाहीत. रक्तात फिरतात, यकृतात वस्तीला राहतात, निम्मी बाहेर पडायलाही वर्षे लागतात. आणि यकृताचा चरबीचा कारभार बिघडवतात. तुमच्या यकृतावर थोडी चरबी होतीच, वयाची, बैठ्या दिवसांची, रक्तात थोडी साखर होती. नुसते तेवढेच असते तर मी तुम्हाला चालायला लावून घरी पाठवले असते. पण व्रण धरायला लागलेत. त्याला यांचा हातभार लागला असणार, असे मला वाटते.

‘‘म्हणजे हे त्या फोमनं केलं?’’

‘‘एकट्यानं केलं असं मी म्हणणार नाही. असलेलं दुखणं यानं वाढवलं. आणि तेही अंदाजानंच सांगतेय. शिक्का मारून देईल अशी तपासणी नाही.’’

तो फाईलच्या दोरीला गाठ मारत राहिला, मारलेली सोडत राहिला. मग प्रश्न सुटला, आणि सुटल्यावर त्याला कळले की सकाळपासून, त्या ब्रशवरच्या फेसापासून, तो हाच प्रश्न घेऊन इथे आला होता. ‘‘आणि समजा, त्याच कामावरचा एखादा माणूस... पिणारा असला तर?’’

डॉक्टरीणबाईंनी हातातले पेन टेबलावर आडवे ठेवले.

‘‘मग दोन्ही. दारूनं बिघडतं, आणि यानं ते आणखी बिघडत असणार. कोणाचा वाटा किती, ते यकृत कापूनही मला दाखवता यायचं नाही.’’ त्यांनी कागद परत स्वतःकडे वळवला. ‘‘पण एक सांगते. दारू सोडता येते. हे सोडता येत नाही, ते आपल्या चालीनं निघेल तेव्हा निघेल. म्हणून जे सोडता येतं ते सोडायचं.’’ आणि तो उठल्यावर, दाराशी पोचल्यावर, ‘‘तुमच्या त्या ‘समजा’ला एकदा घेऊन या इकडे.’’

परतीच्या बसला खिडकीजवळची जागा मिळाली. दारूनं बिघडतं आणि यानं आणखी बिघडतं. वाक्याचे दोन भाग. त्याने ते मनात मांडून पाहिले, दोन तुकडे बाकावर मांडावेत तसे. सरावाच्या मैदानावर क्रम चुकला की सगळे चुकायचे: आधी पाणी, नळी ताठ होऊ द्यायची, मग फोमची झडप. आधी फोम सोडला तर ना पाणी ना फेस, नुसता गचका. तसाच इथेही क्रम होता, फक्त तो माहीत नव्हता. आधी फोम सांगितला तर... धाकट्याला वाक्याचा दुसरा भाग ऐकूच येणार नाही. पिणाऱ्याला अर्धे वाक्य पुष्कळ होते. म्हणजे दारूनं नाही! म्हणजे माझं मी नाही केलं! त्याच्या हातातली काठी मी स्वतः काढून घेतल्यासारखे होईल, आणि काठी गेलेला माणूस संध्याकाळी कोणत्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहील हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? आधी दारू सांगितली, ठासून, मग हळूच फोम — तर तो म्हणेल, दादा नेहमीप्रमाणे शिकवतोय. आणि मुळीच सांगितले नाही तर? तर तो असाच येत राहील, दर आठवड्याला, पिशवी घेऊन, तोंड पुढे करून, जे ओझे दोघांचे होते ते एकट्याच्या पाठीवर घेऊन. तो असाच जाईलही कदाचित एके दिवशी... माझं मीच केलं म्हणत. आणि मी खांदा द्यायला उभा असेन, कोरडा, निष्कलंक.

बस वळली. वळणावर ते मैदान होते. आता त्याभोवती तारेचे उंच कुंपण आणि कुंपणावर पाटी: येथील विहिरीचे पाणी पिऊ नये. आत गुडघाभर गवतात लोखंडी विमानाचा सांगाडा अजून उभा, जाळून जाळून काळा पडलेला. त्या सांगाड्याखाली तेल ओतून पेटवायचे, बंब धावत आणायचे, आणि पाहता पाहता काळ्या धुरावर पांढरी रजई चढायची. सराव संपला की फेस वाऱ्याने लोळत चराकडे जायचा, चरातून जमिनीत. आणि मैदानाच्या कडेच्या त्या विहिरीच्याच पाण्याचा चहा, मोठ्या किटलीतून, अंगावरचा फेसही न पुसता, सगळे मिळून प्यायचे. केवढा गोड लागायचा तो चहा.

आणि धाकटा... ‘मीटर’. अख्खे केंद्र त्याला मीटर म्हणायचे. पाण्याच्या शंभर भागांत फोमचे तीन भाग, हे प्रमाण राखणारे बंबावरचे यंत्र नेहमीच कुरकुरायचे, कधी दोन ओढायचे, कधी पाच. काट्यावर कोणाचा विश्वास नव्हता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी धाकट्याने नळीतून ठिबकणारे पाणी करंगळीवर घेतले, जिभेला लावले, डोळे मिटले आणि म्हणाला, ‘‘अडीच.’’ मोजून पाहिले तर अडीच. पुन्हा यंत्र फिरवले, पुन्हा करंगळी — ‘‘आता चार. जास्त झालं, साहेब.’’ साहेब म्हणजे मी. मीही एकदा चाखून पाहिले होते. मला नुसतेच कडवट, साबणासारखे लागले, मी थुंकून टाकले. त्याला मात्र फरक कळायचा. मग ते रोजचेच झाले, बंब निघण्याआधी मीटरची करंगळी. पाहुणे अधिकारी आले की मी स्वतः त्याला पुढे बोलवायचो, रांगेत तीन पेले मांडायचो, आणि त्याने बिनचूक ओळखले की सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठ्याने टाळी मी वाजवायचो. माझा भाऊ! कोणी विचारले होते का, याने काही होत नाही ना? विचारले होते बहुधा. आणि मी पाठ्यपुस्तकातल्यासारखे उत्तर दिले होते: साबणासारखेच आहे, हात धुतले की झाले. मला तसेच सांगितले गेले होते. मी तसेच सांगितले. यात खोटे कुठेच नव्हते, आणि तरी...

त्याच सुमारास तो थकायला लागला होता का? सरावानंतर बंबाच्या पायरीवर बसून राहायचा, ऊठ म्हटले तर ‘‘जरा अंग जड झालंय रे’’ म्हणायचा. तेव्हा पीत होता का? का नंतर? थकवा आधी, की पिणे आधी, की दोन्ही हातात हात घालून? थोरल्याने वर्षे मागे सरकवून पाहिली, पुढे ओढून पाहिली. ती जागच्या जागी बसेनात. ज्या दिवशी धाकटा कामावर झिंगून आला आणि त्याने सगळ्यांदेखत त्याला बंबावरून उतरवून घरी पाठवले, तो दिवस तेवढा लख्ख होता. बाकी सगळे धूसर. कोणाचा वाटा किती, ते यकृत कापूनही दाखवता यायचे नाही... आठवण कापूनही नाही.

धाकटा आला तेव्हा बायको कपडे वाळत घालत होती. थोरल्याने दार उघडले, पिशवी घेतली, आणि घेताना आपला हात पूर्ण लांबवलेला आहे, आपण उंबऱ्यापासून हातभर मागे उभे आहोत, हे धाकट्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या ध्यानात आले.

‘‘का रे दादा, आज तपासणी नाही? नोकरी सोडलीस का?’’

‘‘बस,’’ थोरला म्हणाला.

धाकटा बसला. हाडांवर सदरा टांगल्यासारखा दिसत होता, पण डोळे निवळले होते, आज तर चांगलेच पांढरे होते. मोसंबी आणली होती वहिनीसाठी. वहिनीने ती घेताना, इतका खर्च कशाला म्हणून त्याला नेहमीसारखे रागे भरले, आणि त्याने नेहमीसारखे, झाड माझ्या दारात नाही, विकतच आणावी लागतात, एवढेच उत्तर दिले. चहा झाला. इकडचे तिकडचे झाले. मग त्याने बशी खाली ठेवत विचारले, डॉक्टर काय म्हणाले?

‘‘चरबी आहे म्हणाल्या. थोडे व्रण आहेत.’’

‘‘यकृतावर? तुझ्या?’’ धाकटा हसायला लागला, मग हसता हसता खोकला. ‘‘अरे, तू तर चहासुद्धा मोजून पितोस. बघा वहिनी, हा मला एकट्याला जाऊ देईना म्हणून सोबतीला निघालाय.’’

‘‘काहीतरी अभद्र बोलू नका,’’ ती म्हणाली, आणि उरलेले कपडे वाळत घालायला पुन्हा गच्चीवर निघून गेली.

आता. आता आधी पाणी, मग फोम... थोरल्याने तोंड उघडले. धाकट्याने कपबशा उचलल्या. हे त्याचे ठरलेले होते. हात रिकामे राहिले की थरथरतात, म्हणून तो इथे आला की कपबशा तोच विसळायचा आणि कोणी त्याला अडवायचे नाही. नळ सुटला. थोरला त्याच्यामागून मोरीपर्यंत गेला आणि शेजारी उभा राहिला. धाकट्याने काथ्यावर साबण घासला. फेस झाला, बोटांच्या बेचक्यांत भरला.

‘‘पण एक आहे दादा,’’ तो मान वर न करता म्हणाला, ‘‘तुझं बरं आहे. तू काही केलेलं नाहीस. दुखणं आलं तर आलं, माणूस म्हणतो नशीब. माझं तसं नाही. मला दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवायची सोय नाही.’’ आणि मग, स्वतःच्याच बोलण्याने वातावरण जड झाले असे वाटून की काय, त्याने करंगळीवर साबणाचा फेस घेतला, उजेडात धरला, एक डोळा बारीक केला — थेट तीच ढब, पाहुण्यांसमोरची — आणि करंगळी ओठांकडे नेत म्हणाला, ‘‘सांगू का किती टक्के?’’

थोरल्याने त्याचे मनगट पकडले.

गंमत होती ती, साध्या साबणाची. जिभेला लागला असता तर त्याने थूः केले असते आणि दोघे हसले असते. पण मनगट हातात आले होते आणि सुटत नव्हते. नळ वाहत होता. धाकट्याच्या चेहऱ्यावरचे हसू अजून तसेच होते, फक्त त्याच्यामागचा माणूस निघून गेला होता आणि डोळ्यांतून दुसराच कोणी पाहत होता, विचारत होता. ‘‘काय रे?’’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘‘काय झालं?’’

वर्षभर मी याच्या इतका जवळ येत होतो, थोरल्याच्या मनात आले, नाकाने. हाताने कधी नाही. दवाखान्यापासून बसभर घोकलेल्या वाक्याचे दोन्ही तुकडे त्याने शोधले, आणि ते जिथे ठेवले होते तिथे नव्हते. कोणता आधी, कोणता नंतर, हा प्रश्नही तिथे नव्हता. काठी काढून घेण्याची भीती होती, ती होतीच, पण आता ती केवळ त्याच्या पडण्याची भीती उरली नव्हती. तो ज्या जमिनीवर लटपटत उभा होता तीच आपल्याही पायांखाली आहे, आणि ती हलते आहे, असे त्याला वाटले... आणि आश्चर्य म्हणजे, हलणाऱ्या जमिनीवर उभे राहून त्याला सकाळपासून पहिल्यांदाच एकटे वाटत नव्हते.

करंगळीवरचा फेस अजून तसाच उभा होता. थोरल्याच्या अंगठ्याखाली नाडी लागत होती, जलद, थोडी अडखळणारी. आणि ती धाकट्याच्या मनगटातली की आपल्याच अंगठ्यातली, हे त्याला किती तरी वेळ कळेना.